सातवा दिवस कोणाचा?

पुण्यात औंध रस्त्यावर स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ आहे. शुक्रवारी सूर्य मावळला की तिथला शब्बाथ सुरू होतो आणि शनिवारी सूर्य मावळेपर्यंत चालतो. शनिवारची सकाळ उपासनेची असते. तिथून काही किलोमीटरवर, लष्कर भागातल्या जुन्या चर्चमध्ये मात्र गर्दी होते ती रविवारी. दोन्हीकडचे लोक ख्रिस्तीच. दोघांच्या दहा आज्ञा त्याच आणि शब्बाथ पवित्रपणे पाळण्याची आज्ञाही तीच. तरीही एकाचा पवित्र दिवस तो दुसऱ्याचा बाजारहाटाचा वार.

या आज्ञेच्या क्रमांकावरसुद्धा ख्रिस्ती जगाचे एकमत नाही. कॅथलिक आणि लुथरपंथीय तिला तिसरी आज्ञा म्हणतात. ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि कॅल्व्हिनच्या परंपरेतले पंथ चौथी. क्रमांकाचा प्रश्न मोजणीच्या पद्धतीतून आलेला आहे आणि त्यावरून कुणाचे डोके फुटलेले नाही. वाराचे तसे नाही. या आज्ञेपायी माणसे हद्दपार झाली, तुरुंगात खितपत पडली, एका सम्राटाला राज्य सोडावे लागले आणि खटले पार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

या वादाचा इतिहास चाळताना मला असे जाणवत गेले, की शनिवार की रविवार हा त्यातला फक्त वरचा थर आहे. त्याखाली दोन प्रश्न आहेत. पहिला : देवाने नेमलेला दिवस बदलण्याचा अधिकार कुणाला, ग्रंथाला, चर्चला की राजाला? दुसरा : ही विश्रांती मुळात कुणासाठी आहे? पहिल्या प्रश्नावर धर्मपंडितांनी ग्रंथांचे डोंगर रचले. दुसऱ्याकडे त्यांचे लक्ष फार कमी वेळा गेले. या लेखात दोन्ही प्रश्न सोबत घेऊन चालायचे आहे.

आज्ञा एक, कारणे दोन

दहा आज्ञा बायबलच्या जुन्या करारात दोनदा येतात, एकदा निर्गमच्या पुस्तकात आणि एकदा अनुवादच्या. शब्बाथाची आज्ञा दोन्हीकडे आहे, पण तिचे कारण वेगवेगळे दिले आहे. निर्गम सांगते : देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तुम्हीही घ्या. अनुवाद सांगते : तुम्ही मिसर देशात गुलाम होता, देवाने तुम्हाला तिथून सोडवले, हे ध्यानात ठेवा आणि म्हणून हा दिवस पाळा. विसावा कुणाकुणाला द्यायचा याची यादी दोन्हीकडे आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि गावात राहणारा परका. अनुवादात बैल आणि गाढव यांचा वेगळा उल्लेख आहे, आणि दासदासींना तुमच्यासारखाच विसावा मिळावा, असा हेतूही स्पष्ट केला आहे.

दोन कारणांतून दोन दिशा निघतात. सृष्टीच्या निर्मितीशी जोडलेला दिवस हा विश्वाच्या रचनेचाच भाग ठरतो. मग माणसाने त्यात बदल करायचा प्रश्नच येत नाही. गुलामीतून झालेल्या सुटकेशी जोडलेल्या दिवसात मात्र हेतूला महत्त्व येते. राबणाऱ्याला विसावा मिळाला की आज्ञा पाळली गेली, मग वार कोणताही असो, असे म्हणायला जागा राहते. पुढच्या दोन हजार वर्षांतले बहुतेक मतभेद मला या दोन कारणांच्या मधल्या फटीत उगवलेले दिसतात.

येशू स्वतः यहुदी होता आणि शब्बाथ पाळणाऱ्या समाजातच वाढला. त्याचे शिष्य शब्बाथाच्या दिवशी शेतातून जाताना कणसे मोडून खातात म्हणून परूशी आक्षेप घेतात, तेव्हा तो त्यांना बजावतो, की शब्बाथ माणसासाठी केलेला आहे, माणूस शब्बाथासाठी नव्हे. त्याच दिवशी तो आजाऱ्यांना बरेही करतो. यातून काय समजायचे? शनिवार पाळणारे म्हणतात, त्याने पाळण्याची रीत सुधारली, दिवसाला हात लावला नाही. रविवार पाळणारे म्हणतात, त्याने स्वतःला शब्बाथाचा धनी म्हटले, तेव्हाच जुन्या दिवसाचे बंधन सैल झाले.

पौलाने रोम आणि कलस्सै इथल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत दिवस पाळण्यावरून एकमेकांना दोष देऊ नका, असा सूर आहे. त्यावरून काही पंथ सगळेच दिवस सारखे मानतात. ॲडव्हेंटिस्टांचे उत्तर असे, की पौल बोलतो आहे ते सणावारांच्या विधींबद्दल. दहा आज्ञांतल्या साप्ताहिक शब्बाथाबद्दल नव्हे.

सूर्याचा वार

मग रविवार आला कुठून? येशूचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले, ही सर्व ख्रिस्ती पंथांची श्रद्धा आहे. नव्या करारात पहिल्या दिवशी भाकर मोडण्यासाठी जमल्याचा आणि त्या दिवशी वर्गणी बाजूला काढून ठेवण्याचा उल्लेख आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर रोममध्ये लिहितो, की ख्रिस्ती लोक सूर्याच्या वारी एकत्र जमतात.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. हे लोक रविवारी जमत असत. त्या दिवशी कामधंदा बंद ठेवत नसत. इसवी सन ११२ च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट त्राजानला पाठवलेल्या पत्रात, ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाट होण्यापूर्वी जमतात, असा तपशील आहे. पहाटेपूर्वी, कारण दिवस उजाडला की कामावर जायचे. त्यांच्यात गुलाम होते, मजूर होते. पहिली तीनशे वर्षे रविवार हा उपासनेचा दिवस होता, सुट्टीचा नव्हता.

सुट्टी आणली ती सम्राटाने. मार्च ३२१ मध्ये कॉन्स्टंटाइनने फर्मान काढले, की सूर्याच्या पूजनीय दिवशी न्यायाधीशांनी, नगरवासीयांनी आणि कारागिरांनी विसावा घ्यावा. फर्मानात ख्रिस्ताचे नाव नाही, सूर्याचे आहे. आणि एक अपवाद आहे. शेतकऱ्यांना त्या दिवशी काम करायची मोकळीक दिली होती, कारण पेरणीचा किंवा द्राक्षवेली लावण्याचा योग्य मुहूर्त हुकू नये. मोकळीक शेताच्या मालकाला होती. त्याच्या शेतात राबणाऱ्या गुलामाच्या वाट्याला मात्र कामच आले. मूळ आज्ञेतल्या यादीत ज्यांची नावे होती, ते दास आणि बैल, पहिल्याच कायद्यात यादीबाहेर राहिले.

चौथ्या शतकातच लाओदिकिया इथल्या धर्मसभेने नियम केला, की ख्रिस्ती लोकांनी यहुद्यांसारखे शनिवारी रिकामे बसू नये. काम करावे आणि जमल्यास प्रभूच्या दिवशी विसावा घ्यावा. नियम करावा लागला याचा अर्थच असा, की शनिवार पाळणारे ख्रिस्ती तेव्हा पुष्कळ होते. पाचव्या शतकातला इतिहासकार सॉक्रेटिस (तत्त्वज्ञ नव्हे, कॉन्स्टँटिनोपलचा) नोंदवतो, की जवळपास सगळ्या मंडळ्या शनिवारीही प्रभुभोजनाचा विधी करतात. अपवाद रोम आणि अलेक्झांड्रिया.

रोममध्ये तर शनिवारी उपास करत आणि मिलानमध्ये करत नसत. ऑगस्टिनची आई मोनिका मिलानला आली तेव्हा कोणती रीत पाळावी या पेचात पडली. ऑगस्टिनने बिशप अँब्रोज यांना विचारले. त्यांचे उत्तर असे होते, की मी रोममध्ये असलो की उपास करतो, इथे असलो की करत नाही. ज्या गावी जाल तिथली रीत पाळा. या साऱ्या इतिहासात इतके समजुतीचे उत्तर फार क्वचित सापडते. सातव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडच्या धर्मसभेने रोमच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळातल्या शनिवारच्या उपासाचा निषेध केला, आणि पूर्व-पश्चिम चर्चच्या भांडणात तो एक कायमचा मुद्दा होऊन बसला.

भाषांनी मात्र दोन्ही दिवसांच्या खुणा जपल्या. पोर्तुगीज माणूस रविवारला प्रभूचा दिवस म्हणतो आणि शनिवारला आजही शब्बाथच म्हणतो. गोव्याचा कॅथलिक रविवारला ‘आयतार’ म्हणतो. तो आपलाच आदित्यवार.

इथिओपियाचे दोन शब्बाथ

रोम आणि कॉन्स्टँटिनोपलपासून दूर, इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशात हा वाद वेगळ्या वाटेने गेला. चौदाव्या शतकात एवोस्ताटेवोस नावाच्या मठाधिपतीने शिकवण दिली, की शनिवार आणि रविवार हे दोन्ही शब्बाथ आहेत. एक सृष्टीचा, दुसरा पुनरुत्थानाचा. इथिओपियाचे चर्च तेव्हा अलेक्झांड्रियाच्या कॉप्टिक धर्मगुरूच्या अधिकाराखाली होते, आणि तिथे शनिवार पाळणे म्हणजे यहुदी रीत. एवोस्ताटेवोसला देश सोडावा लागला. तो आर्मेनियात वारला. त्याच्या शिष्यांना चर्चमध्ये दीक्षा मिळेना. ते दुर्गम भागात गेले, मठ बांधले आणि शनिवार पाळत राहिले. अखेर १४५० मध्ये सम्राट झारा याकोबने दब्र मित्माक इथे धर्मसभा बोलावून दोन्ही दिवसांना मान्यता मिळवून दिली. आजही इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत शनिवारला मान आहे.

यापुढच्या कथेत गोवा येतो. सोळाव्या-सतराव्या शतकांत इथिओपियाला कॅथलिक करण्यासाठी जेझुइट धर्मगुरू जात, ते गोव्याहून. १५५५ मध्ये त्यांच्यातला एक जण सम्राट गलावदेवोसच्या दरबारी पोचला. शनिवार पाळता म्हणजे तुम्ही यहुदी झालात, या आरोपाला सम्राटाने लेखी उत्तर दिले. त्याचा आशय असा : यहुदी त्या दिवशी पाणी भरत नाहीत, चूल पेटवत नाहीत, आम्ही तसे पाळत नाही, आम्ही त्या दिवशी प्रभुभोजन करतो. दिवस तोच ठेवून आशय बदलता येतो, असा हा युक्तिवाद आहे. युरोपातल्या पंडितांच्या तोडीचा तो मला वाटतो.

पुढे गोव्याहूनच गेलेल्या पेद्रो पाएझ या चतुर आणि सौम्य जेझुइटाच्या प्रभावाने सम्राट सुसेन्योस कॅथलिक झाला. पाएझनंतर आलेल्या आफोन्सो मेंडेस या धर्माध्यक्षाच्या अंगी ती सौम्यता नव्हती. शनिवार पाळण्यावर बंदी आली, जुने विधी रद्द झाले. देश पेटला. बंडांमागून बंडे आणि रक्तपात पाहून सुसेन्योसने १६३२ मध्ये जुना धर्म पुन्हा मोकळा केला आणि मुलाच्या हाती राज्य सोपवले. मेंडेसला देशाबाहेर काढण्यात आले. तो गोव्यात परतला आणि तिथेच वारला.

याच काळात गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसलेले होते. १५६० मध्ये ते सुरू झाले तेव्हा त्याचा रोख प्रथम पोर्तुगालहून आलेल्या नवख्रिस्तींवर होता. हे पूर्वीचे यहुदी. बळजबरीने बाप्तिस्मा दिलेले. शनिवारी काम न करणे, त्या दिवशी धुतलेले कपडे घालणे, शुक्रवारी संध्याकाळी घर झाडून दिवा लावणे या गोष्टी इबेरियातल्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्यांत गुप्त यहुदीपणाच्या खुणा म्हणून दिलेल्या असत. एका शनिवारासाठी इथिओपियात सम्राट लेखणी हाती घेतो, आणि पोर्तुगीज सत्तेखाली त्याच शनिवारचा स्वच्छ सदरा माणसाला न्यायासनापुढे उभा करू शकतो.

राजाचे खेळ, पंतोजीणबाईंचा तुरुंग

युरोपात धर्मसुधारणेची चळवळ सुरू झाली आणि अधिकाराचा प्रश्न उघडपणे चव्हाट्यावर आला. लुथर आणि त्याचे अनुयायी म्हणत, फक्त ग्रंथ प्रमाण. त्यावर कॅथलिक पंडित योहान एक याने १५२५ मध्ये नेमका घाव घातला : ग्रंथात शनिवार आहे; तो बदलून रविवार केला चर्चने, स्वतःच्या अधिकारात. तुम्ही रविवार पाळता, म्हणजे चर्चचा अधिकार मानताच की! लुथरपंथीयांनी १५३० च्या ऑग्सबर्ग येथील श्रद्धानिवेदनात उत्तर दिले, की चर्चने काही बदलले नाही. शब्बाथाची सक्ती ग्रंथानेच संपवली, आणि लोकांनी एकत्र यावे एवढ्यासाठी रविवार सोयीचा म्हणून ठेवला. कॅल्व्हिनचेही मत साधारण असेच, की सातच्या आकड्याला चर्चने चिकटून राहायचे कारण नाही.

इंग्लंडातल्या प्युरिटनांना ही सैल भूमिका पटली नाही. १५९५ मध्ये निकोलस बाउंड याने ग्रंथ लिहून मांडले, की चौथी आज्ञा आजही तशीच लागू आहे. फक्त दिवस रविवार झाला आहे आणि तो पूर्ण चोवीस तास पाळायचा. खेळ, नाच, बाजार, सगळे बंद. इथे वार ख्रिस्ती आणि शिस्त जुन्या कराराची, असा मिलाफ झाला. १६४६ मध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर श्रद्धानिवेदनात तो कायम झाला आणि स्कॉटलंड, न्यू इंग्लंड इथे रुजला. धावपटू एरिक लिडेल १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी धावायला तयार झाला नाही, शंभर मीटरची शर्यत सोडून चारशे मीटर धावला आणि सुवर्णपदक जिंकला, तो याच परंपरेतला.

प्युरिटनांच्या विरोधात राजा पहिला जेम्स याने १६१८ मध्ये जाहीरनामा काढला, जो ‘खेळांचे पुस्तक’ म्हणून ओळखला जातो. उपासना झाल्यावर लोकांनी नाचावे, तिरंदाजी करावी, उड्या माराव्यात, त्याला कुणी आडकाठी करू नये. राजाचे कारण वाचण्यासारखे आहे : गरीब माणसे आठवडाभर राबतात, रविवारी नाही तर ती खेळणार कधी? राजाचे हेतू राजकीय होते, पण आज्ञेतला दास इथे पुन्हा डोके वर काढतो. १६३३ मध्ये पहिल्या चार्ल्सने ते पुस्तक पुन्हा काढले आणि पाद्र्यांना ते चर्चमध्ये वाचायला लावले. नकार देणाऱ्या काहींची पदे गेली. दहा वर्षांनी पार्लमेंटने तेच पुस्तक फाशी देणाऱ्याच्या हातून जाहीरपणे जाळवले.

या दोन फळ्यांच्या मध्ये सापडलेली माणसे वेगळीच. लंडनमधला जॉन ट्रास्क नावाचा प्रचारक बायबल वाचता वाचता या निष्कर्षाला आला, की आज्ञा लागू आहे तर दिवसही शनिवारच. १६१८ मध्ये त्याला दंड, फटके आणि कपाळावर ‘ज्यू’ शब्दाचे आद्याक्षर डागण्याची शिक्षा झाली. काही काळाने त्याने मत मागे घेतले आणि तो सुटला. त्याची पत्नी डोरोथी हिने मात्र ते मागे घेतले नाही. ती मुलांना शिकवून पोट भरत असे, आणि शनिवारी शिकवायला नकार देई. ती पंधराहून अधिक वर्षे तुरुंगात राहिली. त्या काळात तिच्या मताला विरोध असलेल्या लेखकानेही लिहून ठेवले, की बाई चांगली शिक्षिका होती आणि गरिबांकडून माफक पैसे घेत असे. नवऱ्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत ठळक येते आणि तिचे तळटीपेत. पण मतासाठी आयुष्य मोजले ते तिने.

नांगर, गिरणी, टपाल

इंग्लंडातल्या शनिवारपंथी बाप्टिस्टांपैकी स्टीफन ममफर्ड अमेरिकेत गेला आणि १६७१ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट इथे या पंथाची तिथली पहिली मंडळी स्थापन झाली. १८४४ च्या सुमारास याच पंथाच्या रेचल ओक्स या बाईंनी न्यू हॅम्पशरमधल्या ॲडव्हेंटिस्टांना शनिवारचा विचार दिला. ख्रिस्त लवकरच परत येणार, अशी वाट पाहणारी ही माणसे. त्यांतूनच १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर स्थापना झाली. पुण्यातल्या विद्यापीठाची मुळे अशी तिथपर्यंत पोचतात.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत तेव्हा रविवारी काम करण्यास बंदी होती. शनिवार पाळणाऱ्या शेतकऱ्याने रविवारी नांगर धरला की तो गुन्हेगार. टेनेसीतल्या आर. एम. किंग या ॲडव्हेंटिस्ट शेतकऱ्याला याच गुन्ह्यासाठी १८८९ मध्ये खटल्याला सामोरे जावे लागले. प्रकरण वरच्या न्यायालयांपर्यंत गेले आणि दिलासा मिळाला नाही. १८८८ मध्ये सिनेटर ब्लेअर यांनी साऱ्या देशासाठी रविवारच्या सुट्टीचे विधेयक आणले, तेव्हा ॲडव्हेंटिस्ट प्रवक्ता ए. टी. जोन्स याने सिनेटच्या समितीपुढे जाऊन त्याला विरोध केला. विधेयक बारगळले. पण त्याच्या पाठीराख्यांत धार्मिक लोकांबरोबर कामगारांचे कैवारीही होते, हे विसरता येत नाही. एकाची विश्रांती कायद्याने बांधली, की दुसऱ्याच्या श्रद्धेवर तीच बेडी होते. ही गाठ आजही पूर्ण सुटलेली नाही.

१९६१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रविवारबंदीचे कायदे वैध ठरवले. कारण दिले, की त्यांचा उगम धार्मिक असला तरी आता हेतू सर्वांना एक समान विश्रांतीचा दिवस देण्याचा आहे. दोनच वर्षांनी ॲडेल शर्बर्ट हिचा निकाल आला. साउथ कॅरोलायनातली ही कापडगिरणीची कामगार ॲडव्हेंटिस्ट होती. गिरणीने आठवडा पाचाचा सहा दिवसांचा केला. शनिवारी ती कामावर येईना म्हणून नोकरी गेली, आणि बेकारभत्ताही नाकारला गेला. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. रविवार पाळणाऱ्या कामगारांना राज्याचा कायदा संरक्षण देत होता आणि शनिवार पाळणारीला नाही, याकडे न्यायमूर्तींनी बोट दाखवले.

त्यानंतर साठ वर्षांनी, २०२३ मध्ये, तशाच प्रश्नावर एक रविवारवाला न्यायालयात होता. जेराल्ड ग्रॉफ हा इव्हँजेलिकल पंथाचा टपाल कर्मचारी. टपालखात्याने ॲमेझॉनची पार्सले रविवारीही पोचवायचे काम घेतले आणि त्याच्यावर रविवारची पाळी आली. न्यायालयाने एकमताने सांगितले, की कर्मचाऱ्याच्या धर्माचरणाला सवलत नाकारायची तर मालकाला धंद्यावर मोठा बोजा पडतो हे दाखवावे लागेल, किरकोळ गैरसोय पुरेशी नाही. चारशे वर्षे ज्यांनी रविवारचा कायदा दुसऱ्यांवर लादला, त्यांच्या वारसाला आता स्वतःच्या रविवारसाठी दाद मागावी लागली. फरक एवढाच, की समोर राजा नव्हता, बाजार होता.

दिवस मोजणार कोण?

ज्यांना दिवस अढळ वाटतो त्यांच्यापुढे कधी कधी भूगोलच प्रश्न टाकतो. डिसेंबर २०११ च्या अखेरीस पॅसिफिकमधल्या सामोआने व्यापाराच्या सोयीसाठी आंतरराष्ट्रीय वाररेषेची आपल्यापुरती बाजू बदलली. २९ तारखेच्या गुरुवारनंतर एकदम ३१ तारखेचा शनिवार उजाडला. शुक्रवार कॅलेंडरातून गळाला. तिथल्या ॲडव्हेंटिस्टांना ठरवायचे होते, की सातांचा अखंड क्रम मोजायचा की सरकारचे नवे नाव मानायचे. चर्चने क्रम धरला, त्यामुळे ते आता सरकारी रविवारी शब्बाथ पाळतात. काहींना हे मान्य झाले नाही. ते वेगळे होऊन नव्या शनिवारी जमू लागले. शनिवारासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या चर्चमध्ये शनिवारावरूनच फूट पडली.

दुसऱ्या टोकाला आखाती देश. तिथे बहुतेक ठिकाणी साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, म्हणून गोवा, वसई, मंगळूर, केरळ इथून गेलेल्या कॅथलिकांची चर्चमधली मोठी गर्दी वर्षानुवर्षे शुक्रवारी होत आली. त्यांच्या श्रद्धेला यात काही बाधा आली नाही. कॅथलिक शिकवणीत शनिवारी संध्याकाळची मिस्सासुद्धा रविवारचे कर्तव्य पुरे करते. चर्चला सोय पाहण्याचा अधिकार आहे, असे मानले की हे सोपे जाते. तो मानला नाही की सामोआसारखा एकेक दिवस मोजावा लागतो.

गिरणगावचा रविवार

आता महाराष्ट्र. कोकणपट्टीत बेने इस्रायल लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. सोमवारी घाणा थांबवणारे ते सोमवार तेली. हे यहुदी आणि हिंदू, ख्रिस्ती वादाशी त्यांचा संबंध नाही. पण युरोपात ज्या शनिवारासाठी कपाळे डागली गेली, त्याच शनिवाराला कोकणातल्या शेजाऱ्यांनी फक्त एक टोपणनाव दिले, ही तुलना मनात आल्यावाचून राहत नाही.

रविवार मात्र आपल्या कष्टकऱ्यांना ख्रिस्ती राजवट असूनही आयता मिळाला नाही. १८८१ च्या कारखाना कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या, त्याही फक्त बालकामगारांना. मुंबईच्या गिरण्यांत मोठी माणसे वर्षातले थोडे सण सोडले तर रोज राबत. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार झाले. पहिली मागणी दर रविवारी सुट्टीची. सोबत दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाल्यास भरपाई. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तिथे स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने आठवड्याची सुट्टी सर्व कारखाना कामगारांना लागू केली.

लोखंडे सत्यशोधक होते. त्यांना शब्बाथ पाळायचा नव्हता. रविवार हा राज्यकर्त्यांच्या कचेऱ्यांच्या सुट्टीचा वार होता आणि बहुजनांच्या खंडोबाचाही. त्यांनी मागितले ते एवढेच, की राबणाऱ्या शरीराला सातातला एक दिवस त्याचा स्वतःचा असावा. अनुवादाच्या पुस्तकात दिलेले कारण नेमके हेच आहे. ज्या आज्ञेचा अर्थ लावताना धर्मसभा शतकानुशतके वारावर अडून राहिल्या, तिच्या दुसऱ्या कारणाचे काम इथे एका बिगरख्रिस्ती माणसाने, कोणत्याही ग्रंथाचा आधार न घेता केले.

याचा अर्थ वाराचा आग्रह धरणारे सगळे शब्दांचे गुलाम होते, असा मी काढत नाही. डोरोथी ट्रास्क किंवा एवोस्ताटेवोसचे शिष्य यांनी दिवस सोडला असता तर त्यांचे आयुष्य सुखाचे झाले असते. त्यांनी तो धरून ठेवला म्हणून सत्तेला एक मर्यादा कळली, की माणसाच्या सातही दिवसांवर राजाचा ताबा नसतो. शर्बर्टच्या निकालाचा लाभ पुढे अनेक धर्मांच्या लोकांना झाला. ज्यांनी हेतूकडे पाहिले त्यांनी विश्रांती रुंद केली आणि ज्यांनी दिवस सोडला नाही त्यांनी ती खोल केली. इतिहासाला दोघांची गरज होती.

आज शहरांत दारात पार्सल आणून देणाऱ्या मुलाला वार विचारावा. त्याचा रविवार सर्वांत गर्दीचा असतो, शनिवारही तसाच. सुट्टी घेतली तर त्या दिवसाची कमाई जाते. मूळ आज्ञेतल्या यादीत मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरे यांच्यानंतर अगदी शेवटी नाव आहे ते वेशीच्या आत राहणाऱ्या परक्याचे. शनिवार खरा की रविवार, यावर ख्रिस्ती पंथ आणखी काही शतके खुशाल वाद घालोत. तो घालताना ही यादी मात्र त्यांनी शेवटच्या नावापर्यंत वाचावी. आणि ती आपणही वाचायला हरकत नाही.